पहिले होम थिएटर घेताना : स्पीकर आणि सबवूफरची निवड

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आगेमागे आपल्यासह सगळ्याच वृत्तपत्रांत होम थिएटरच्या पानभर जाहिराती येऊ लागतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, तेव्हा धान कापणीला आलेला असतो आणि पुढे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, हाती पडले की घरात एखादी मोठी वस्तू घेण्याचा विषय निघतो. टीव्ही आता बहुतेक घरांत आहे, तोही मोठा आणि चपटा. पण त्या चपटेपणामुळेच त्याच्या आत स्पीकरला जागा उरलेली नाही. तळाशी किंवा पाठीमागे भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या एवढ्याशा स्पीकरमधून चित्रपटातले संवाद धड ऐकू येत नाहीत, म्हणून दहा, पंधरा, फार तर वीस हजार रुपये बाजूला काढून पहिले होम थिएटर घ्यावे असे अनेक कुटुंबांना वाटते. मी ब्रह्मपुरी तालुक्यातील एका गावात टीव्ही, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे काम करतो. अशा कुटुंबांनी हौसेने घेतलेले संच काही काळाने माझ्या टेबलावर येतात आणि जाहिरातीत काय छापले होते व पेटीत प्रत्यक्षात काय आहे, हे मला सतत पाहावे लागते. त्या अनुभवावरून आपल्या वाचकांपुढे आणि आपल्या जाहिरात विभागापुढेही काही गोष्टी मांडू इच्छितो. माझे म्हणणे असे, की पहिल्या खरेदीत पैसा समोरच्या स्पीकरवर खर्च व्हावा, सबवूफर, म्हणजे केवळ खर्ज (खालचे, जड स्वर) वाजवणारी पेटी, खोली पाहून आणि जमल्यास नंतर घ्यावा, आणि वॅटचा मोठा आकडा किंवा स्पीकरची मोठी संख्या पाहून निवड मुळीच करू नये.

आधी वॅटविषयी, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. जाहिरातीत पाच हजार वॅट, दहा हजार वॅट असे आकडे असतात आणि त्यापुढे बारीक अक्षरांत पीएमपीओ असे लिहिलेले असते. हा आकडा कसा मोजायचा याचे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. क्षणाच्या अगदी लहानशा भागात जास्तीत जास्त किती शक्ती निघू शकेल याचा तो अंदाज असतो आणि ज्याचा त्याने तो आपल्या सोयीने काढलेला असतो. आरएमएस हा आकडा मात्र ॲम्प्लिफायर सतत किती वॅट देऊ शकतो ते सांगतो, आणि ग्राहकाने विचारायचा आकडा तोच आहे. दुकानदाराला तो सांगता आला नाही, तरी मार्ग आहे. संचाच्या पाठीमागे, विजेची वायर जिथून बाहेर येते त्याच्या जवळपास, एक लहानसे लेबल चिकटवलेले असते. त्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि त्यापुढे ६० वॅट किंवा तसाच एखादा आकडा असतो. संच बोर्डातून किती वीज घेतो, हे त्या आकड्यावरून कळते. जो संच ६० वॅट वीज घेतो, तो सतत ६० वॅटपेक्षा जास्त शक्ती स्पीकरला देऊच शकत नाही. साध्या बनावटीच्या ॲम्प्लिफायरमध्ये घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ निम्मी उष्णतेत जाते, म्हणजे सगळ्या स्पीकरच्या वाट्याला मिळून तीस-पस्तीस वॅट उरतात. खोक्यावर पाच हजार आणि पाठीवर साठ, ही तफावत ज्याला दिसली त्याला पुढे काही समजावून सांगावे लागत नाही.

स्वस्तातला ५.१ संच (पाच लहान स्पीकर आणि एक सबवूफर) उघडला, की सबवूफरच्या पेटीतच सगळा कारभार सापडतो. ॲल्युमिनियमच्या एका पट्टीला स्क्रूने आवळलेल्या, पाच पायांच्या काळ्या आयसींची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपांची, ओळ असते, त्यांच्यावर बऱ्याचदा टीडीए २०३० असा क्रमांक छापलेला असतो, आणि शेजारी मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. ही आयसी वाईट नाही. पुरवठा नीट असेल तर चार ओहमच्या (ओहम हे विद्युत रोधाचे माप) स्पीकरला ती सुमारे १४ वॅट स्वच्छ देते, आणि कित्येक वर्षे तिने घरोघरी चांगली सेवा दिली आहे. सहा आयसींचे मिळून ८४ वॅट होतात, पण ते एकाच वेळी पुरवण्याची ताकद त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये नसते. चित्रपटात स्फोट झाला की पुरवठ्याचे व्होल्टेज खाली येते आणि नेमक्या त्याच वेळी कोणी बोलत असेल तर त्याचे शब्द फाटतात. ग्राहक म्हणतो, स्पीकर खराब झाला. स्पीकर पुष्कळदा शाबूत असतो; मागितली तेवढी शक्ती ॲम्प्लिफायरकडे नसते.

मग घराला किती वॅट लागतात? सामान्य कुटुंबाला वाटते त्याहून पुष्कळ कमी. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता नावाचा आकडा असतो, उदाहरणार्थ ८५ डेसिबल. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो, असा त्याचा अर्थ. आपण अडीच मीटरवर बसलो तर त्यातले सुमारे ८ डेसिबल कमी होतात आणि दोन स्पीकर असल्यामुळे ३ वाढतात. म्हणजे प्रत्येकी एकाच वॅटमध्ये आपल्यापर्यंत ८० डेसिबल पोहोचतात. आपले नेहमीचे बोलणे एक मीटरवरून साधारण ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले तर ८० म्हणजे किती याची कल्पना येईल. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात आणि दहापट केली की १०. म्हणून दर स्पीकरला वीस वॅट खरे मिळाले तर ९३ डेसिबल होतात, आणि १२ बाय १० फुटांच्या खोलीत एवढा आवाज फार वेळ कोणी सहन करणार नाही. वीस खरे वॅट आणि चांगल्या संवेदनशीलतेचा स्पीकर हाती असेल, तर हजाराच्या आकड्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी फसगत स्पीकरच्या संख्येत होते. डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज १९९२ साली चित्रपटगृहांत आला. समोर तीन, मागे किंवा बाजूला दोन, आणि केवळ खर्जासाठी वेगळी एक वाहिनी, असे सहा निरनिराळे ध्वनिप्रवाह त्यात असतात. हे सहा प्रवाह वेगळे करून देणारा डिकोडर संचात असावा लागतो आणि टीव्हीकडून ते प्रवाह संचापर्यंत नेणारी जोडणीही असावी लागते. ती जोडणी म्हणजे ऑप्टिकल केबल किंवा एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज संचाकडे परत पाठवणारी एचडीएमआय जोडणी. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त ५.१ संचांना मागे फक्त ऑक्स (साध्या दोन वाहिन्यांच्या आवाजाचे भोक), यूएसबी आणि ब्लूटूथ असते. त्यांच्यात डिकोडर नसतो. डाव्या आणि उजव्या वाहिनीचा आवाजच पाचही स्पीकरला वाटून दिला जातो. पावसाचा आवाज मागून आणि माणसाचा समोरून यावा, ही अपेक्षा अशा संचाकडून कधीच पूर्ण होणार नाही; उलट जो संवाद पडद्यातून यायला हवा, तो पाठीमागूनही ऐकू येऊन गोंधळ उडतो. त्यातच खेड्यांत अनेक घरांत डीडी फ्री डिश आहे आणि तिच्या बहुतेक वाहिन्यांचा आवाज मुळातच दोन वाहिन्यांचा, म्हणजे स्टीरिओ, असतो. ज्या घरात मुख्यतः फ्री डिश पाहिली जाते, त्या घराने मागच्या दोन स्पीकरसाठी पहिल्याच खरेदीत पैसे मोजणे मला योग्य वाटत नाही. ते पैसे समोर लावावेत. ब्लूटूथवर चित्रपट पाहू नये, हेही इथेच सांगतो. त्यात आवाज थोडा उशिरा येतो आणि ओठ व शब्द यांची फारकत होते. टीव्हीपासून संचापर्यंत केबलच असावी.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. संचातले लहान डबे, ज्यांना दुकानात सॅटेलाइट म्हणतात, त्यांच्यात अडीच-तीन इंची एकच स्पीकर असतो. स्पीकरचा हवा हलवणारा एवढा लहान पडदा १५० हर्ट्झच्या खाली फारसे काही ऐकवू शकत नाही (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका लहान तितका स्वर खालचा). एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज द्यायचा, तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी उत्पादक सबवूफरला दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंत वाजायला लावतात. पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये आणि स्त्रीच्या आवाजाची १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असते. परिणाम असा होतो, की पडद्यावरचा बाप मुलाशी बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाचा वरचा भाग टीव्हीजवळून येतो आणि खालचा भाग कोपऱ्यात ठेवलेल्या पेटीतून. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे माणसाच्या कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणूनच सबवूफर नजरेआड ठेवता येतो. पण तो दीडशेच्या पुढे वाजू लागला की त्याची जागा लगेच उघडी पडते. आवाज घोगरा वाटतो, शब्द समजत नाहीत, आणि घरातील मंडळी आवाज आणखी वाढवतात. म्हणून समोरच्या प्रत्येक स्पीकरमध्ये निदान चार इंची, शक्यतो पाच इंची वूफर (खालच्या स्वरांचा मोठा पडदा) आणि वेगळा ट्वीटर (वरच्या स्वरांचा लहान पडदा) असावा. असा स्पीकर ८० हर्ट्झच्या जवळपास स्वतःच्या बळावर उतरतो, आणि सबवूफर नसला तरी बातम्या, मालिका, भजने आणि बहुतेक चित्रपट त्यावर समाधानाने ऐकता येतात.

आम्हा झाडीपट्टीतील लोकांना हे पटायला अवघड जाऊ नये. वडसा-देसाईगंज येथून निघणाऱ्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगावी रात्र-रात्र नाटके करतात, आणि हजारोंच्या गर्दीत शेवटच्या ओळीतल्या म्हातारीलाही नटाचे वाक्य समजले पाहिजे, याची काळजी तिथला ध्वनिव्यवस्थापक सर्वांत आधी घेतो. दणका त्यानंतर. शब्दांची स्पष्टता मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झच्या टप्प्यात असते, कारण व्यंजने तिथे ऐकू येतात, आणि त्या टप्प्याशी सबवूफरचा काहीही संबंध नाही. नाटकाच्या तंबूत जी पसंती आपण कानाने देतो, तीच घरात खरेदी करताना का देऊ नये, असा माझा सरळ प्रश्न आहे.

समोर दोन स्पीकर घ्यावेत की मधला तिसराही घ्यावा, याचे उत्तर घरातील बसण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. एक-दोन माणसे टीव्हीच्या बरोबर समोर बसत असतील तर दोन चांगले स्पीकर पुरतात. डावा आणि उजवा सारखे वाजले की संवाद आपोआप मधून आल्यासारखा वाटतो. खेड्यात मात्र बैठकीत घरचे आठ-दहा जण आणि शेजारचीही दोन-चार मुले असतात, कोणी भिंतीला टेकून, कोणी दाराच्या उंबऱ्याशी. अगदी डावीकडे बसलेल्याला सगळे संवाद डाव्याच स्पीकरमधून येताना ऐकू येतात. अशा घराला मधला स्पीकर खरोखर उपयोगी आहे, कारण ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या वाहिनीवरच असतात. मधला घेतला तर तो डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला असावा, नाही तर पात्र चालत गेले की त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. अंदाजपत्रक फारच आखूड असेल तर मी दोन स्पीकरची, स्वतःचा ॲम्प्लिफायर आत असलेली जोडी सुचवतो. तिला ऑप्टिकल किंवा एआरसी जोडणी असावी आणि पुढे सबवूफर जोडण्यासाठी सब-आउट नावाचे भोक असावे. जागा अपुरी असेल आणि पाहणारे पुष्कळ असतील, तर मधली वाहिनी खरोखर वेगळी असलेला ३.१ साउंडबार, म्हणजे समोरच्या तिन्ही वाहिन्या एकाच लांबट पेटीत आणि सोबत सबवूफर, हा दुसरा पर्याय आहे. सहा डब्यांच्या झगमगीत संचापेक्षा हे दोन्ही पर्याय मला अधिक प्रामाणिक वाटतात. स्पीकर कानाच्या उंचीवर आणि बसणाऱ्याच्या समोरच्या सरळ रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांवर असावेत. म्हणजे आपण आठ फुटांवर बसत असू तर दोन स्पीकरमध्येही साधारण आठ फूट अंतर हवे. ते कपाटाच्या डोक्यावर किंवा जमिनीवर ठेवले, तर उत्तम स्पीकरचेही चीज होत नाही.

सबवूफरच्या बाबतीत आमच्याकडची घरे विचारात घ्यावीच लागतात, कारण शहरातल्या सदनिकेसाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर सुमारे २८ फूट लांब असते. १२ बाय १० फुटांच्या बंद स्लॅबच्या खोलीत ती मावत नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आपटून ठरावीक ठिकाणी आवाज फुगतो आणि ठरावीक ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. १२ फुटांच्या बाजूमुळे ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या बाजूमुळे ५७ हर्ट्झच्या आसपास हे घडते, आणि खोलीची उंचीही १० फूट असेल तर रुंदी आणि उंची या दोन्हींचा जोर एकाच स्वरावर पडून खोली घुमते. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलेल्याला तो खर्ज सर्वांत कमी ऐकू येतो आणि भिंतीला टेकलेल्याला सर्वांत जास्त. म्हणून एकाच घरात एक जण म्हणतो खर्ज नाही, आणि दुसरा म्हणतो डोके दुखते. दोघेही खरे बोलत असतात. अंगणाकडे उघडी असलेली सपरी असेल तर प्रकार उलटा होतो. तिथे खर्ज बाहेर निघून जातो आणि तोच सबवूफर दुबळा वाटतो.

टिनाच्या छपराखाली आणखी निराळी अडचण असते. सबवूफर वाजला की पत्रा त्याच्या एखाद्या स्वराला थरथरतो आणि खडखड सुरू होते. मांडणीवरची स्टीलची भांडी, खिडकीची सैल काच, भिंतीवरची तसबीर, सगळी त्यात सामील होतात. अशा घरात बारा इंची सबवूफर आणला तर सबवूफरपेक्षा पत्राच जास्त ऐकू येईल. पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वायसर वाळून तडकले असतील तर ते बदलून स्क्रू आवळावेत, तसबिरीमागे कापडाची घडी लावावी आणि सबवूफर आठ इंचीच ठेवावा. बंद खोलीलाही आठ इंची पुरतो. हॉल मोठा असेल, म्हणजे १५ बाय २० फुटांसारखा, तरच दहा इंचीचा विचार करावा. माहितीपत्रकात नुसते २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ लिहिले असेल तर त्यावरून काही कळत नाही. ४० हर्ट्झ, उणे ३ डेसिबल (म्हणजे ४० हर्ट्झवर आवाज फक्त ३ डेसिबलने घटतो), असे लिहिले असेल तर तो उत्पादक मोजून बोलतो आहे असे समजावे.

सबवूफर ठेवायचा कुठे, याची एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे, आणि मी ग्राहकाच्या घरी गेलो की ती करवून घेतोच. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे एकच ओळखीचे गाणे पुन्हा पुन्हा वाजवावे, आणि स्वतः भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर, कान जमिनीलगत ठेवून हळूहळू फिरावे. ज्या ठिकाणी प्रत्येक ठोका वेगळा आणि सारख्या जोराने ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवावा आणि आपण पुन्हा आपल्या जागी बसावे. कोपऱ्यात ठेवल्याने आवाज वाढतो हे खरे, पण तो बहुधा घुमणारा आवाज असतो. कटऑफची कळ, म्हणजे सबवूफरने कुठपर्यंतचे स्वर वाजवायचे ते ठरवणारी कळ, ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. फेजची कळ (सबवूफरचा पडदा समोरच्या स्पीकरच्या पडद्यांबरोबर हलावा की उलट, हे ठरवणारी) शून्य आणि १८० या दोन्हींवर लावून पाहावी आणि जिथे खर्ज भरीव वाटेल तिथे ठेवावी. आवाजाची कळ मात्र सबवूफर वेगळा ओळखू येईनासा होईपर्यंत खाली आणावी. तो बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले, तर तो बरोबर लागला आहे.

पेटी तपासताना दोन गोष्टी हाताने पाहाव्यात. स्पीकरच्या पडद्याची कड फोमची असेल तर ती काही वर्षांत भुरभुरीत होऊन तुटते; रबराची कड जास्त टिकते. दुसरी गोष्ट भोकाची. बहुतेक सबवूफरच्या पेटीला हवा येण्या-जाण्याचे नळीसारखे भोक असते आणि धान साठवलेल्या घरात त्यातून उंदीर आत शिरतात. पडद्याची कड आणि आतल्या वायरी कुरतडलेल्या पेट्या माझ्याकडे नेहमी येतात. भोकाच्या तोंडावर मोठ्या छिद्रांची लोखंडी जाळी घट्ट बसवावी. फार बारीक जाळी लावली किंवा भोक कापडाने बुजवले, तर खर्जावर परिणाम होतो. बंद पेटीचा सबवूफर मिळाला तर हा प्रश्नच येत नाही, पण स्वस्तात तो क्वचितच मिळतो. पेट्या दाबलेल्या भुशाच्या पाट्यांच्या असल्याने पावसाळ्यात ओलीवर थेट ठेवल्या की खालून फुगतात, तेव्हा त्यांच्याखाली रबरी पाय किंवा लाकडी पाट हवा.

खोलीसाठी पैसे फारसे लागत नाहीत. गुळगुळीत टाइल्स आणि सिमेंटच्या उघड्या भिंती यांमुळे शब्द घुमतात. सतरंजी, गाद्या आणि जाड पडदा घातला की फरक लगेच कळतो. खर्जावर मात्र त्यांचा परिणाम नगण्य असतो. उन्हाळ्यात कूलरचे काय करायचे, हाही आमच्याकडे मोठा प्रश्न असतो, कारण ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलर बंद ठेवून चित्रपट पाहणे शक्यच नसते. कूलरचा आवाज नेमका संवादांवर पसरतो. तो टीव्हीच्या बाजूला न ठेवता बसणाऱ्यांच्या कडेला ठेवून वेग एक पायरी कमी करावा आणि टीव्हीत संवाद स्पष्ट करण्याची सोय असेल तर ती चालू करावी. सबवूफर वाढवून उपयोग होत नाही. ॲम्प्लिफायरच्या भोवती चारी बाजूंनी मोकळी जागा हवी आणि त्यावर कापडी झाकण घालून तो चालवू नये.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. संध्याकाळी ओलिताचे पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज उतरते आणि साध्या ट्रान्सफॉर्मरचे संच तेव्हा दुबळे वाजतात, म्हणून खऱ्या क्षमतेचा स्टॅबिलायझर आणि चांगले अर्थिंग यांवर थोडा खर्च करावा. गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवावीत. स्पीकरच्या वायरवर मात्र जादा पैसे घालू नयेत. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी दुहेरी वायर घरातल्या अंतरांसाठी पुरेशी आहे; पाच मीटर वायरीचा, जाऊन-येऊन, रोध एका ओहमच्या आठव्या भागाइतका भरतो आणि आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही. लाल आणि काळे टोक दोन्ही स्पीकरला सारखेच जोडले आहे ना, हे तपासावे, कारण एक उलटे लागले तरी खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. शंका आल्यास संच बंद करून, वायर ॲम्प्लिफायरकडून सोडवून, पेन्सिल सेल क्षणभर त्या टोकांना टेकवावा. सेलचे अधिक टोक लाल तारेला लावले असता पडदा बाहेर उचलला गेला पाहिजे.

दुकानात ऐकताना आपल्या परिचयाची ध्वनिफीत मोबाइलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर न्यावी: एक पुरुषाचे आणि एक स्त्रीचे बोलणे, एखादे भजन, आणि मग हवे तर मारामारीचे दृश्य. दुकानदार आधी मारामारीचे दृश्यच लावतो आणि बास वाढवून ठेवतो. ती कळ मध्यावर आणायला सांगावी. दोन संचांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण थोडा मोठा वाजणारा संच कोणालाही चांगलाच वाटतो. मग आवाज हळू करावा. हळू आवाजातही शब्द समजत असतील तर तो स्पीकर घरी आणण्याजोगा आहे. नागपूरला सीताबर्डीत जाऊन घेतले काय किंवा तालुक्याच्या ठिकाणी घेतले काय, पक्के बिल आणि दुरुस्तीचे जवळचे केंद्र या दोन्हींची चौकशी आधी करावी. हप्त्यावर घ्यायचे असेल तर सगळ्या हप्त्यांची बेरीज कागदावर लिहूनच सही करावी.

शेजाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. गावात दोन घरांची भिंत पुष्कळदा सामाईक असते आणि खर्ज भिंतीतून सहज पलीकडे जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. सबवूफर सामाईक भिंतीला लावू नये आणि रात्री त्याची कळ खाली करावी, म्हणजे परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पलीकडच्या मुलाला त्रास होणार नाही.

महोदय, आता आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पहिली, होम थिएटरची जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने तीन गोष्टी छापण्याचा आग्रह धरावा: प्रत्येक वाहिनीचे आरएमएस वॅट, संच किती वीज घेतो तो आकडा, आणि आत डॉल्बी डिजिटलचा डिकोडर आहे किंवा नाही. जो जाहिरातदार हे छापायला तयार नसेल, त्याला निदान पीएमपीओचा आकडा मथळ्यात देऊ नये असे सांगावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची स्वतंत्र व्याख्या आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपलब्ध आहे. पण खेड्यातला माणूस फसल्यानंतर तक्रार करण्यापेक्षा पुढच्या हंगामाच्या तयारीला लागणे पसंत करतो, म्हणून आकडा छापण्यापूर्वीच अडवला जाणे त्याच्या हिताचे आहे. दुसरी विनंती, दिवाळीपूर्वीच्या आपल्या पुरवणीत या खरेदीविषयी अर्धे पान मार्गदर्शनासाठी राखून ठेवावे. त्यासाठी आकृत्या, जोडणीची चित्रे आणि उघडलेल्या संचांची छायाचित्रे मी विनामूल्य देईन. त्यांत कोणत्याही कंपनीचे नाव असणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक आणि दुरुस्ती कारागीर
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर